मेइ-लुआनताईंची तात्पुरती खुर्ची

आपल्या कारखान्याचे आणि या समारंभाचे अध्यक्ष माननीय कू शी-युआन साहेब, उद्योग संघाकडून अगत्याने आलेले पाहुणे, संगणक विभागाचे प्रमुख फान साहेब, आजच्या उत्सवमूर्ती याओ मेइ-लुआनताई, त्यांचे यजमान, आणि गोल टेबलांभोवती बसून माशाची वाट पाहणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांनो,

मी त्सेंग, पाच अक्षांच्या मशीन विभागाचा प्रमुख. ‘दोन शब्द बोल’ असं मला सांगितलंय. प्रयत्न करतो.

आत्ताच पाहुण्यांनी आपल्या कारखान्याचं तोंड भरून कौतुक केलं. मोजण्यापासून कापण्यापर्यंत कुठेही माणसाचा हात लागत नाही, असं आपल्या माहितीपत्रकातही छापलंय. ऐकून बरं वाटलं. फक्त एक विचारू? मग आज आपण निरोप कोणाला देतोय?

पाहुण्यांसाठी थोडं सांगतो. आमच्या मशीनचं टेबल फिरतं आणि कलतंही. ऊन चढलं की लोखंड फुगतं, टेबलाचा मध्य केसाच्या अंशाएवढा सरकतो. म्हणून मशीन रोज सकाळी तो मध्य मोजते. तो आकडा नव्या संगणक प्रणालीला कळला, की ती कापण्याचा मार्ग सुधारून देते. पण तो कळायचा कसा? मशीनवाले म्हणाले, प्रणालीवाल्यांनी दार उघडावं. प्रणालीवाले म्हणाले, आधी तुम्ही उघडा. शेवटी फान साहेबांनी तोडगा काढला. तपासणी विभागातल्या मेइ-लुआनताईंनी एका पडद्यावरचा आकडा वाचायचा आणि दुसऱ्या पडद्यावर भरायचा.

‘ताई, तात्पुरतंच आहे हो. मशीन आणि प्रणालीची जोडणी झाली की सुटलात!’

त्या तात्पुरत्या खुर्चीची गादी ताईंनी दोनदा घरून आणून बदलली. जोडणीच्या बैठका मात्र नेमाने झाल्या. मी विचारायचो, कधी? उत्तर यायचं, पुढच्या टप्प्यात. हा पुढचा टप्पा कोणाच्या बापाने पाहिलाय? क्षमा असावी, अध्यक्ष महोदय.

एकदा छिंगमिंगला, पितरांच्या सणाला, ताई सासरच्या थडग्यांवरचं गवत काढायला डोंगरावर गेल्या होत्या. तिथे आमच्या पोरांचा फोन. ‘ताई, आकड्याआधी अधिक टाकू की उणे?’ ताई कडाडल्या, ‘अरे मेल्या, खालून माझे सासरे ऐकताहेत! उणे टाक आणि फोन ठेव!’ आम्ही पोट धरून हसलो. पण त्यावर वरून नियम आला, की ताईंखेरीज कोणीही आकडा भरायचा नाही. जोडणी नाही आली, नियम आला.

गेल्या उन्हाळ्यात ताईंचं पित्ताशय काढावं लागलं. जाण्याआधी त्यांनी फान साहेबांना बजावलं, दुसऱ्या कोणाला तरी परवानगी द्या. साहेब म्हणाले, ‘तुम्ही निश्चिंत जा. प्रणाली सांभाळून घेईल.’ घेतलं की सांभाळून! नवा आकडा मिळेना, म्हणून ती जुनाच धरून बसली. कापणं त्याच आकड्यावर, तपासणंही त्याच आकड्यावर. मग चूक दिसणार कुठून? पडद्यावर सगळं हिरवंगार. ग्राहकाने पंपाच्या पंख्यांची अख्खी खेप परत पाठवली. माझ्या माणसांनी ते पंखे आपल्या हातांनी भंगारात टाकले. पाती आरशासारखी लखलखत होती हो!

चौकशी झाली. निष्कर्ष काय? मानवी चूक. टाके ओले असताना ताई त्या बैठकीला आल्या होत्या. त्यांनी शांतपणे विचारलं, ‘साहेब, तेव्हा मला भूल दिलेली होती. तेव्हाही मीच चुकले?’

ताईंनी मुदतीआधीच निवृत्तीचा अर्ज दिला.

परवा अध्यक्ष साहेब स्वतः उलोंग चहाचा डबा घेऊन ताईंच्या घरी गेले. ‘ताई, रोज सकाळी थोडा वेळ येत जा. जोडणी होईपर्यंतच.’ ताईंनी त्याच चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हणाल्या, ‘शी-युआन, तुला शाळेच्या गणवेशात पाहिलंय, म्हणून स्पष्ट सांगते. नाही येणार.’

तेव्हापासून जो तो मला म्हणतोय, ‘त्सेंग, तुझं ऐकतील त्या. तू समजाव.’ का समजावू? त्यांचं काय चुकलंय?

माझ्या विभागातल्या प्रत्येकाला आज मी ताईंचा नंबर फोनमधून पुसायला लावला. माझाही पुसला. उद्या सकाळी मशीन मध्य मोजेल आणि आकडा भरला जाईपर्यंत तशीच उभी राहील. जुन्या आकड्यावर माझ्या विभागात यापुढे एक पातं कापलं जाणार नाही. फान साहेब, खुर्ची मोकळी आहे, गादीही बरी आहे. आपण यावं.

पाहुण्यांनी वेळ काढला, आचाऱ्यांनी एवढा वेळ मासा गरम ठेवला, ताईंच्या यजमानांनी इतकी वर्षं आमचे अवेळी फोन सोसले, सगळ्यांचा मी ऋणी आहे. रागाच्या भरात जीभ घसरली असेल, तर वडीलधाऱ्यांनी ते पोटात घालावं. ताईंकडे मात्र आता कोणी काही मागू नका. जेवण झालं की त्यांना घरी जाऊ द्या.