कुंदाताईंनी न बदललेला शब्द

जमलेल्या सगळ्यांना नमस्कार. आप्पाजी, तुम्ही कुंदाताईंचे यजमान, अगदी समोर बसला आहात. तुमच्याकडे पाहून मला बोलता यायचं नाही. मी मागच्या दाराकडे पाहून बोलतो. माफ करा.

मी ताईंच्याच शाळेत गणित शिकवतो. त्या इंग्रजी शिकवायच्या. फळ्यावर वाक्य लिहायचं, 'ही फेल', म्हणजे तो पडला. मग क्रियापद पुसायचं आणि लिहायचं, 'ही वॉज पुश्ड', त्याला ढकललं. "पाहा," त्या म्हणायच्या, "आता त्या वाक्यात आणखी एक माणूस आला."

दिवाळीनंतर आमच्या जुन्या इमारतीला भेगा पडल्या. इंजिनिअर सांगून गेले, इथं मुलं बसवू नका. पालकांना इंग्रजीत सूचना पाठवायची होती. ताईंनी लिहिलं, 'द ओल्ड बिल्डिंग इज अनसेफ'.

व्यवस्थापक म्हणाले, "मैडम, ये अनसेफ हटा दीजिए. कोई अच्छा-सा शब्द डालिए. लोग घबरा जाएँगे."

"घबराना ही चाहिए," ताई म्हणाल्या.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "ताई, दुसरा शब्द नव्हता का?"

"होते ना. पण ते वाचून कोणती आई पोराला घरी ठेवील?"

शेवटी दुसऱ्या कुणी तरी लिहून दिलं, 'अंडर रिपेअर'. सूचना गेली. पालक निश्चिंत झाले. मुलं आत बसली. दुरुस्तीला मात्र कुणी आलं नाही. ताई आपला वर्ग मैदानात घेऊ लागल्या. थंडीत, उन्हात. शाळेसमोरच्या अधारतालच्या रस्त्यावरचे लोक थांबून पाहायचे, हसायचे.

मग तो मंगळवार. सातवीच्या वर्गात वरून माती गळायला लागली. ताई मैदानातून धावत आल्या. "बाहर निकलो! बस्ता छोड़ो!" दारात उभ्या राहून एकेकाला बाहेर ढकलून राहिल्या होत्या. मी मुलांना ओढून घेत होतो. शेवटची मुलगी माझ्या हाताला लागली, आणि छत खाली आलं. ताई दारातच होत्या.

आप्पाजी, एकाही मुलाला खरचटलंसुद्धा नाही.

मंडळी, काल शाळेनं दुखवट्याचा संदेश काढला. इंग्रजीत. त्यात 'सडन' असा शब्द आहे. अचानक? दिवाळीपासून भेगा दिसून राहिल्या होत्या. काहून अचानक?

सोमवारी शाळा उघडते आहे. मुलं आता आवारातल्या नव्या इमारतीत बसणार. काल संध्याकाळी मी तिथं जाऊन आलो. जिन्याच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत भेग आहे. माझी बोटं आत गेली. मी व्यवस्थापकांना विचारलं. ते म्हणाले, "पेंट करवा रहे हैं, सर."

माझी मुलगी त्याच शाळेत आहे. सोमवारी ती घरी राहील. मी फाटकाशी उभा राहीन आणि येईल त्या पालकाला जिन्यापाशी नेऊन भिंत दाखवीन. नोकरी राहो न राहो.

आता उभे राहूया. थोडा वेळ कुणी काही बोलू नका.

कुंदाताई, नमस्कार.