नेम धर

चौदा मार्च, ढगाळ, वारा नाही — ऐका तर, तुमच्या मुलीचा नंबर यायला अजून वेळ आहे — 'आज पुन्हा बूट ओले. डावा जास्त.' दोन वर्षं पोराचं रोज लिहिलंय या वहीत, एक दिवस खाडा नाही. आणि तो डॉक्टर, धड मिसरूड फुटलेलं नाही, वही चाळतो आणि मला विचारतो, एवढं लिहिलंत, एकदा वाकून पाहिलं नाहीत? मी कशाला पाहू? जन्मला तेव्हा नर्सला डोळे नव्हते? सासूबाई रोज अंघोळ घालायच्या, म्हणायच्या, टोपी घालूनच आलाय गं बाई — हो, वरच्या बाजूला कातडी टोपीसारखी गोळा झालेली, खाली काहीच नाही. आणि शूचं भोक टोकाला नाही, खालच्या अंगाला, म्हणून धार सरळ पायावर. शिवाय खाली वाकलेलं. हायपोस्पेडियास म्हणतात, अक्षरं विचारून लिहून घेतलीत मी. आता ऑपरेशन करून त्या टोपीच्याच कातडीतून पुढची नळी करणार आहेत. इतक्या बायकांनी पाहिलं, कौतुक केलं, अक्कल मात्र एकीनं चालवली नाही.

मी निदान शिकवत तरी होतो. सहा वर्षांचा घोडा बसून शू करतो म्हणजे काय? म्हटलं, उभा राहा, नेम धर. मोरीत खडूनं गोल काढून दिला, रोज सकाळी. चुकला की — मारलं नाही हो, एखादी चापट. तीही लिहिलीय, लपवाछपवी नाही माझ्यात. तीच पानं डॉक्टरनं मोठ्यानं वाचली. म्हणे, तो बसत होता तेच बरोबर होतं. पोरासमोर म्हणाला, बोला. तेव्हापासून ही बोलत नाही माझ्याशी, ती बघा, पलीकडे बसलीय तोंड फिरवून. बसू दे.

गुंगी येईपर्यंत आत एकालाच सोडतात. हा हिरवा झगा मी केव्हाच चढवलाय, बाप आहे मी. सिस्टर त्याला विचारायला गेलीय, कोण हवं म्हणून. विचारायचंय काय त्यात? काल रात्रभर माझा हात — म्हणजे, धरला नव्हता त्याने, मीच ठेवला होता उशीजवळ.

आलो सिस्टर — काय? — नीट विचारलंत ना?

अहो, ही मागची गाठ सोडा जरा. तिला द्यायचाय झगा. नको, आता वाचत नाही पुढचं, तुम्ही बघा तुमचं. एवढं लिहितो फक्त — नऊ वाजून वीस मिनिटं. मुलासोबत आई आत गेली.