पणजोबा-मेंढीचं शेपूट

...आणि वर सासरे मलाच म्हणतात, आमच्या मेंढीचं शेपूट कापलंस! अहो, कापलं कुठे? नुसता अंदाज केला!

तुम्हाला सांगतो, अल्माटी शहरातल्या प्रयोगशाळेत माझं काम एवढंच, की आजच्या मेंढ्यांची वंशावळ मांडायची, कोणाचं शेपूट चरबीचं, कोणाचं बारीक ते संगणकाला सांगायचं, आणि विचारायचं, 'बाबा रे, यांच्या मूळ पूर्वजाचं कसं असेल?' तो शक्यता सांगतो. बस! यात कुणाचं लग्न मोडण्यासारखं काही आहे का? सांगा ना!

तर तराझ शहरात माझ्या होणाऱ्या बायकोच्या, कार्लगाशच्या घरी आमची सोयरीक. आमच्याकडे दोन्ही घरांनी मेंढीच्या शेपटीची चरबी आणि काळीज एकमेकांना भरवलं की सोयरीक पक्की. ताट समोर, आणि तोलेगेनमामा, म्हणजे मुलीचे वडील, जातिवंत मेंढपाळ, मेंढीचं जाड शेपूट म्हणजे त्यांच्या घराण्याची शान, विचारतात, "जावईबापू, काय सापडलं?"

गप्प बसावं ना माणसानं? मी म्हटलं, "मूळ मेंढीचं शेपूट बारीक. एकाहत्तर टक्के."

झालं! मामांचा हात ताटावरच थांबला. कार्लगाशनं असा चिमटा काढला... आई गं! तिची आई म्हणाली, "अहो, एकोणतीस टक्के जाड आहे की! तेवढ्यावर भागवा!"

"आमची पूर्वज बारक्या शेपटीची?" मामा गरजले. "बदल ते!"

अहो, नुसता अंदाज केला! आता प्रामाणिक माणूस काय बोलतो बघा... "मामा, जाड शेपूट येणं अवघड आणि जाणं सोपं असं धरलं, तर उत्तर जाड येईल."

"मग धर ना, गाढवा!"

"पुरावा नाही हो. तुमच्यासाठी धरलं, तर उद्या कुणासाठीही धरीन."

मामा उठले, तडक अंगणात. माझी आई पुटपुटली, "याच्या बापानं तरी लग्न होईपर्यंत तोंड मिटलं होतं!" आणि कार्लगाश? तिचे डोळे भरलेले... मला वाटलं, संपलं. आकडा राहिला, बायको गेली!

मामा परत आले. माझ्यासमोर मांडी घालून बसले. "सोयरीक मोडायची वेळ आली तरी खोटं बोलला नाहीस. माझ्या पोरीशी तरी काय खोटं बोलशील? आ कर!" आणि हा एवढा चरबीचा गोळा माझ्या तोंडात!

झालं लग्न. पण तेव्हापासून दर जेवणाला सगळ्यांत मोठा गोळा मलाच... नाही म्हणायची सोय नाही. परवा मामा माझ्या पोटाकडे बघून चारचौघांत विचारतात, "पूर्वज बारीक होते म्हणतोस, मग तू रे कुणावर गेलास?"

आता याचा अंदाज कुठल्या संगणकाला विचारू? सांगा!