कोल्हिणीची लोकर

लोकरीच्या बाहुल्यांचा सिनेमा सुटला. तान्ह्याला खांद्यावर थोपटत एक बाई लिफ्टच्या रांगेत उभी राहिली. तिच्यापुढे अनोळखी बाप-लेक होते.

"बाबा, गुहेत वारा नव्हता, तरी कोल्हिणीची लोकर का हलत होती?"

"अगं, बाहुली हाताने जरा जरा हलवतात आणि दर वेळी फोटो काढतात. हात लागला की लोकर विस्कटते."

"हात कुठे दिसला?"

"फोटोआधी बाजूला घेतात ना!"

"म्हणजे हात असतो, पण दिसत नाही?"

"हो… तसंच काहीतरी."

"मग आई आता नाही, असं सगळे का म्हणतात?"

"अं? त्याचा इथे काय संबंध, बाळा?"

"रोज सकाळी माझे केस विस्कटलेले असतात."

"ते तू… झोपेत लोळतेस म्हणून…"

"नक्की?"

"मला… मलाही सिनेमा नीट कळला नाही गं."

"मग उद्यापासून उठल्या उठल्या माझे केस विंचरू नकोस."