अनसूयाबाईंनी फोन कपाटात ठेवला

मंडळी, आज एक प्रश्न टाकतो. दहा जण एकदम हाका मारतायत. तर आधी कुणाकडे बघावं? जो मोठ्यानं ओरडतोय त्याच्याकडे? की जो गप्प बसून आपली वाट बघतोय त्याच्याकडे?

उत्तर देऊ नका! तोंडानं सगळेच बरोबर देतात. आधी गोष्ट ऐका.

भोगाळवाडीची शाळा. चौथीपर्यंत. एकेचाळीस पोरं आणि शिक्षक दोन. मुख्याध्यापक दस्तगीर गुरुजी आणि दुसऱ्या अनसूया घुले बाई. बाईंची नोकरी सतरा वर्षांची. आवाज असा, की पाढे म्हणायला लागल्या तर रस्त्यानं जाणारा म्हातारासुद्धा सोबत म्हणायचा!

आणि मग आला फोन, केंद्रप्रमुखांचे आणि वरच्या कचेरीचे निरोप घेऊन. टिंग! 'माहिती तात्काळ भरा.' टिंग! 'हात धुतानाचे फोटो पाठवा.' टिंग! 'झाडं किती जगली?' अहो, पोरं किती शिकली हे कुणी विचारेना! वर मतदारयादीचं काम, घरोघर फिरून. बाईंची झोप उडाली. फळ्यावर तारीख लिहायच्या, तेवढ्यात टिंग! तारीख अर्धीच राहायची.

एका शुक्रवारी त्या गुरुजींना म्हणाल्या, "सर, माझ्यानं आता होत नाही. सोमवारी राजीनामा देते."

गुरुजी कमी बोलणारे. म्हणाले, "बाई, रागात देऊ नका. दोन दिवस जाऊ द्या."

शनिवारी दुपारी बाई मतदारयादी घेऊन निघाल्या. वरच्या आळीत लिंबाखाली पाच-सहा पोरं शाळा-शाळा खेळत होती. तिसरीतली ईश्वरी झाली होती बाई. आईची ओढणी साडीसारखी गुंडाळलेली, आणि हातात? खडू? नाही हो! फरशीचा तुकडा. त्यावर बोट फिरवतेय!

पहिलीतली गौरा पुस्तक घेऊन उभी राहिली. "बाई, हा शब्द काय आहे?"

ईश्वरीनं मानसुद्धा वर केली नाही. "थांब! दिसत नाही का, माहिती भरतेय? खाली बस!"

गौरा बसली. थोड्या वेळानं परत उठली. "बाई, हा शब्द..."

"थांब म्हटलं ना!"

आणि शाळा सुटली. शब्द राहिला तसाच.

हसलात? पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मीही हसलो होतो. कुंपणाशी उभ्या असलेल्या बाई मात्र हसल्या नाहीत. जवळ जाऊन म्हणाल्या, "ईश्वरी, तुझ्या शाळेत शिकवत नाहीत का गं?"

पोरगी म्हणाली, "शिकवायचं असतं बाई... पण बाईंना लई काम असतं ना!"

तक्रार नाही मंडळी! ती पोर बाईंची बाजू घेत होती! बाईंनी पदर तोंडाला लावला आणि तशाच घरी गेल्या.

सोमवार उजाडला. बाई गुरुजींसमोर उभ्या. राजीनामा? छे! हातात फोन. "सर, हा कपाटात ठेवा. खिचडीच्या सुट्टीपर्यंत मी वर्गात. माहिती त्यानंतर."

"केंद्रप्रमुख चिडतील."

"चिडू द्या."

गुरुजींनी स्वतःचा फोनही आत ठेवून किल्ली फिरवली! पत्र्याच्या कपाटात दोन फोन गांधीलमाशीसारखे घूं-घूं करत राहिले, आणि वर्गात सतरा वर्षांपूर्वीचा तो आवाज सुरू झाला!

गुरुवारी केंद्रप्रमुख कुलथे साहेब स्वतः हजर. दारातूनच, "बाई! चार फोन केले!"

बाई उठायला लागल्या हो. सतरा वर्षांची नोकरी आहे, गंमत नाही! पण समोर गौरा होती, बोट शब्दावर. बाई म्हणाल्या, "साहेब, पाच मिनिटं बसा. हिचा शब्द होत आलाय."

साहेब बसले. सतरंजीवर! खुर्ची होती कुठे?

"पा... ऊ... ल... पाऊल... वा... ट. पाऊलवाट! बाई, पाऊलवाट!"

सगळ्या वर्गानं टाळ्या वाजवल्या. साहेब वाजवू की नको, वाजवू की नको... आणि वाजवल्या!

तरी म्हणाले, "लेखी खुलासा द्या." कायदा तो कायदा. बाईंनी तिथंच दोन ओळी लिहिल्या, 'सुट्टीपर्यंत मी मुलांची. त्यानंतर तुम्ही सांगाल त्या कामाची.' खाली सही. शेजारी न विचारता गुरुजींचीही सही!

साहेबांनी वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं. त्या केंद्राचे निरोप पुढं दुपारनंतर यायला लागले. सगळे नाही हां! वरून येणारे कोण थांबवणार? काम तेवढंच राहिलं. पण माहिती दोन वाजता गेली म्हणून आभाळ कोसळलं नाही. आणि बाई रात्री झोपायला लागल्या.

इथं बसलेल्या बाई, गुरुजी, तुमचं ओझं उद्या उतरेल असं खोटं मी सांगणार नाही. पण आपण या कामाला कशासाठी आलो, त्याला दिवसातली पहिली वेळ द्या. उरलेल्या वेळात जगाचं ओझं उचला. आणि एकट्यानं उचलू नका, शेजारच्याला हाक मारा.

आणि गावकऱ्यांनो, तुम्ही सुटलात असं समजू नका! दाखल्यासाठी भर वर्गात दारात कोण उभं राहतं? घरी लेकरू विचारतं, 'बाबा, हे काय?' तेव्हा 'थांब' कोण म्हणतं?

अहो, पांडुरंग थांबेल. युगं युगं थांबलाय, त्याला सवय आहे. लेकराचं वय थांबत नाही! हे पटलं असेल त्यानंच टाळी वाजवा, आणि म्हणा, विठ्ठल विठ्ठल!