विकायचं काही नाही, पटवायचं मात्र सगळ्यांना

...आणि वर मलाच विचारतात, 'फुकट आहे म्हणता? मग यात काहीतरी गोम असणार!' आता काय सांगायचं या माणसांना, तुम्हीच सांगा! महाग म्हटलं असतं तर घेतलं असतं, घासाघीस केली असती, वर माझी पाठ थोपटली असती... पण फुकट म्हटलं की असं बघतात, जणू मी त्यांच्या लेकीला मागणी घालायला आलोय! तुम्हाला सांगतो, केस पिकले या धंद्यात. आणि धंदा तरी कसला? विकायचं काही नाही, पटवायचं मात्र सगळ्यांना!

माझे सासरे आहेत, मर्व. दर नाताळला अंगणात सॉसेज भाजता भाजता त्यांचा एकच प्रश्न. 'ट्रेव्हर, तू नक्की विकतोस काय रे?' मी म्हणतो, काही नाही. 'मग पगार कशाचा?' मी म्हणतो, लोकांना सांगण्याचा. 'काय सांगण्याचा?' झालं! मग मी सुरू... की बाबांनो, गावाची कागदपत्रं, घरपट्टीचे हिशेब, सगळं कुठल्या तरी बड्या कंपनीच्या कोठारात भाड्याने ठेवू नका, आपलेच चार संगणक एकत्र जोडा, आपला क्लाउड आपण उभा करा, त्याला लागणारे प्रोग्राम जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेत, उघडे आहेत, कोणीही वाचा, कोणीही बदला... तोवर मर्व सॉसेज उलटायला गेलेले असतात. आणि तिकडून माझ्या बायकोला सांगतात, 'जोसलिन, तुझ्या बहिणीचा नवरा प्लंबर आहे ना, त्याला हाताखाली माणूस हवाय का बघ गं.' मी शेजारीच उभा!

तर त्या पोर्ट हॅलोरन गावाचं सांगत होतो. एक दिवस फोन आला. लोरेटा व्हिटल. तिथल्या काउन्सिलचे, म्हणजे नगरपालिकेचे, सगळे संगणक सांभाळणारी एकटी बाई. म्हणाली, 'ट्रेव्हर, काउन्सिल मोठ्या कंपनीबरोबर सही करायला निघालीय. सही झाली की माझं पद रद्द. तुम्ही या, आणि बोला. अगदी नेहमी बोलता तस्संच बोला हं.' आवाज कापत होता हो तिचा! इतकी वर्षं मी क्लाउड, स्वातंत्र्य, लोकांची मालकी असलं मोठं मोठं बोलत आलो, पण कोणाची भाकरी माझ्या जिभेवर अवलंबून आहे असं कधी झालं नव्हतं. जोसलिनला म्हटलं, या वेळी हरून चालायचं नाही. ती म्हणाली, 'जिंकतोस कधी तू?' बायको आहे, खरं बोलणारच.

ॲडलेडहून निघालो. गाडीत माझे तीन छोटे संगणक, बर्फाच्या पेटीत घालून, कारण दुसरी पेटीच नव्हती. आणि स्टिकर! आमच्या मंडळींकडे दुसरं काही नसलं तरी स्टिकर असतात. विकायचं काही नाही, पण चिकटवायला भरपूर! पोचलो तर दारातच मेयर, बार्नी क्रॉथर, गव्हाचा शेतकरी, हाताचा पंजा फावड्याएवढा. माझा हात दाबला आणि म्हणाला, 'क्लाउडवाले का तुम्ही? मार्चपासून एक ढग दिसला नाही राव इकडे, बरं झालं घेऊन आलात!' आणि हसला, खो खो हसला. मीही हसलो. हा विनोद मी ज्या ज्या गावात जातो त्या त्या गावात ऐकतो, आणि तो पहिल्यांदाच ऐकतोय असं हसावं लागतं. याचा वेगळा भत्ता द्यायला पाहिजे खरं तर!

आत जातो तर कंपनीचा माणूस आधीच हजर. ब्रेडन. पांढरे शुभ्र बूट, दात त्याहून शुभ्र. त्याने प्रत्येकाला टोपी वाटलेली, बिअरचा डबा थंड ठेवायची खोळ वाटलेली, आणि मी काढतो काय? स्टिकर! मेयरने एक घेतला, उलटा केला, सुलटा केला, म्हणाला, 'कुत्र्याच्या वाडग्याला लावतो.' लोरेटा कोपऱ्यात बसलेली. मी तिच्याकडे बघून मान हलवली, काळजी करू नका म्हणून. तिने डोळेच मिटून घेतले. बिचारी!

ब्रेडनचं बोलणं लोण्यासारखं. 'तुम्ही काही करू नका. सगळं आम्ही करू. तुम्ही फक्त सही करा.' संपलं! आणि मग माझी पाळी. मी म्हटलं, बघा मंडळी, हे प्रोग्राम म्हणजे पाककृतीसारखे, एकाने केली, दुसऱ्याने सुधारली, सगळ्यांनी वापरली... तर मिसेस डूली उठल्या. काउन्सिलच्या सर्वांत जुन्या सभासद. जत्रेतलं लॅमिंग्टन केकचं पहिलं बक्षीस दर साली यांच्याच घरी. म्हणाल्या, 'म्हणजे माझी कृती कोणीही घ्यायची?' हो. 'अन् बदलायची?' हो. 'बदलून जत्रेत मांडायची?' मी म्हटलं, हो, तीच तर गंमत आहे! 'गंमत? अहो, मी कृती देताना एक जिन्नस मुद्दाम वगळते!' आणि सगळी काउन्सिल माना डोलावतेय!

मग म्हटलं, बरं, पाककृती जाऊ द्या, श्रमदान घ्या. गावाच्या हॉलचं छप्पर तुम्ही सगळ्यांनी मिळून घातलं ना, तसं हे! मेयर म्हणाला, 'सगळ्यांनी? कोण सगळे? मी, माझा भाऊ आणि क्लिफ. बाकी गाव सॉसेज तयार झाल्यावर आलं.' आता हे खरंय हो! आमच्याकडेही अगदी असंच असतं, प्रोग्राम लिहिणारे तिघे आणि मतं देणारे तीन हजार, पण हे मी तिथे कसं कबूल करणार? तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, 'त्या छपराची पन्हळ अजून गळतेय.' घ्या! पुढचा सगळा वेळ पन्हळीवर! ब्रेडन हसतोय, लोरेटा घड्याळ बघतेय, आणि मी हातात स्टिकर घेऊन उभा!

शेवटी म्हटलं, बोलणं पुरे, करूनच दाखवू. तीन संगणक जोडले, पडद्यावर काउन्सिलचा नकाशा आणला, आणि ऐटीत म्हणालो, 'मंडळी, यातला एक संगणक मेला तरी काम थांबणार नाही. हा बघा, मी प्लगच उपसतो!' उपसला. आणि काय सांगू तुम्हाला, नकाशा जागचा हलला नाही! मी हात पसरून उभा, टाळ्यांची वाट बघत... टाळी एक नाही. मिसेस डूली भिंतीकडे बोट दाखवून म्हणतात, 'अहो, तो चहाच्या बंबाचा प्लग होता.'

बंब गार! सकाळचा चहा लांबला! तुम्हाला कल्पना नाही, पोर्ट हॅलोरनमध्ये एक वेळ चर्च उशिरा सुरू झालेलं चालतं. मेयर म्हणाला, 'आधी पाणी उकळू द्या, मग चहा, मग मतदान.' मला कळलं, संपलं. लोरेटाची नोकरी माझ्या हातून गेली. तिच्याकडे बघायचं धाडस होईना. अहो, रडायचा बाकी होतो मी! चहा झाल्यावर सगळे मतदानाला आतल्या खोलीत गेले, ब्रेडन दुसऱ्या गावाला जायचंय म्हणून टाटा करून निघाला, आणि मी कुठे जाणार? तोंड लपवायला स्वयंपाकघरात शिरलो. कप पडले होते, विसळले. पुसले. बाहेर येऊन खुर्च्या रचून भिंतीला लावल्या. लहानपणापासूनची सवय हो, हॉलमधून खुर्च्या रचल्याशिवाय पाय निघत नाही आमचा.

आणि मेयर बाहेर आला. 'अभिनंदन,' म्हणाला. मी म्हटलं, ब्रेडन गेले, त्यांना फोन करा. 'त्याला कशाला? तुमचंच घेतलंय आम्ही.' मी खुर्चीवर बसलो, रचलेल्या! का? कसं? मेयर म्हणाला, 'हे बघा गड्या, तुम्ही काय बोललात ते आम्हाला ओ की ठो कळलं नाही. तो काय बोलला तेही नाही. पण तो कप टेबलावर टाकून गेला. दहा वर्षं ज्याच्याशी बांधून घ्यायचं तो माणूस स्वतःचा कप विसळत नाही?' मिसेस डूली म्हणाल्या, 'आणि केक अर्धा टाकला त्याने.' संपला विषय!

इतक्या वर्षांची भाषणं, तक्ते, आलेख, सगळं गेलं खड्ड्यात, आणि जिंकलो कशावर? भांडी घासण्यावर! पण म्हटलं, असो. लोरेटाची नोकरी तर वाचली! धावत गेलो. ती बाहेर गाडीतळावर उभी होती. म्हटलं, लोरेटा, जिंकलो! तुमचं पद राहिलं! आता तुम्हाला कोणी हलवत नाही!

तिने फक्त बोट केलं. तिच्या गाडीच्या मागे नवा कोरा कॅराव्हान, चाकांवरचं घरच. छतावर दोन खुर्च्या बांधलेल्या, मासे धरायचे गळ बांधलेले. म्हणाली, 'ट्रेव्हर, राजीनामा दिला तर मला काही मिळत नाही. पद रद्द झालं असतं तर एवढ्या वर्षांच्या नोकरीची सगळी भरपाई एकदम हातात आली असती. सोमवारी नवरा आणि मी उत्तरेला निघणार होतो. पार ब्रूमच्या समुद्रकिनाऱ्यापर्यंत!'

मी म्हटलं, अहो, मग मला कशाला बोलावलंत?

'कशाला म्हणजे? ब्रेडनची सही पक्की व्हावी म्हणून! मी चार काउन्सिलांत चौकशी करून बोलावलं तुम्हाला! सगळे म्हणाले, तो ट्रेव्हर पेंगेली येऊन बोलला की लोक त्याच दिवशी दुसऱ्याकडे सही करतात. एकदा, अहो जन्मात एकदा जिंकलात, ते नेमकं माझ्याच गावात?'

कॅराव्हानकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं... आणि काय करता! जन्मात पहिल्यांदा जिंकलो, आणि तुम्हाला सांगतो, बाईची माफी मागून घरी आलो.