तवमणी ऊर्फ सुमन

मी श्रीलंकेची, त्रिंकोमालीची. असं मराठीत सांगितलं की लोक आधी माझ्या तोंडाकडं बघतात आन परत विचारतात, कुठली म्हणालात? त्रिंकोमालीची, समुद्राकाठची, घरात तमिळ बोलणारी. मराठी मला सासूबाईंनी शिकवली, निपाणीजवळच्या खेड्यात, चुलीपुढं बसवून, आन तिकडं बायकाबी मी आलो, मी गेलो असंच म्हणतात, म्हणून मीबी तसंच बोलतो. माझ्या इस्त्रीच्या दुकानात पुण्याच्या एक बाई येतात, त्या हसून म्हणाल्या, अहो, आले म्हणा, आलो काय? मी म्हटलं, जिनं शिकवलं तिला जाऊन सांगा, मग बघू कोण कुणाला शिकवतंय.

तर काय सांगत हुतो, वडील लवकर गेले, मी थोरली, पाठीवर दोन भनी, म्हणून मस्कतला एका हॉटेलच्या लाँड्रीत लागलो. दिवसभर चादरी, चादरी आन चादरी. मारुती तिथं एसी दुरुस्तीला यायचा. एकदा माझं मनगट प्रेसखाली भाजलं, तवा बाकीचे सायबाला बोलवायला धावले, ह्यानं मात्र माझा हात धरून सरळ नळाखाली नेला. त्याचं हिंदी मोडकं, माझं त्याहून मोडकं, पण पाणी सोडायला कुठली भाषा लागती? दोन वर्षांनी त्यानं विचारलं, माझ्या गावाकडं येतीस का. मी आलो.

लग्न गावच्या देवळात झालं. अक्षता पडल्या, आन सासूबाईंनी ताटात तांदूळ पसरले, मारुतीच्या हातात अंगठी दिली आन म्हणाल्या, लिही, सुमन. आमच्यात असलं काही नसतं, मला वाटलं पूजाच चाललीय, मी आपलं हात जोडून बसलो. दुसऱ्या दिवशी सकाळपासनं घरभर सुमन, सुमन अशा हाका. मनात म्हटलं, ही सुमन भलतीच आळशी दिसती, इतक्या हाका मारल्या तरी ओ देईना. मग जाऊबाईनं दंडाला धरून सांगितलं, अगं, तूच की ती.

राग न्हाई आला. खोटं का सांगू, गोडच वाटलं. चूक झाली ती पुढं. तालुक्याला लग्नाची नोंद करायला गेलो, तिथं मामंजींनी नाव सांगितलं सुमन. सुनेचं नाव म्हणजे घरात ठेवलेलं नाव, त्यात पासपोर्ट कशाला बघायचा, असं त्यांना वाटलं. मला तवा इकडचं अक्षर वाचता येत न्हवतं, जिथं बोट दाखवलं तिथं सही केली.

मग आम्ही बेंगळूरात आलो. मारुती महादेवपुऱ्यातल्या कंपन्यांचे एसी बघतो, मी के. आर. पुरमला इस्त्रीचं दुकान टाकलं. पूर्वा झाली, आता नववीत हाय. दरवर्षी व्हिसा वाढवायला जायचं, पासपोर्ट तवमणीचा, लग्नाचा दाखला सुमनचा, मधी एक प्रतिज्ञापत्र जोडायचं की ह्या दोघी एकच, आन तेवढ्यावर भागायचं. अशी किती वर्षं गेली. पण मतदानाच्या दिवशी सगळी गल्ली बोटाला शाई लावून कपडे न्यायला येती आन विचारती, अक्का, तुमचं झालं का? काय सांगू तुम्हाला, त्या दिवशी इस्त्रीपेक्षा मीच जास्त तापलेलो असतो. म्हणून म्हटलं, आता नागरिक व्हायचं. लोक म्हणाले, नवरा इथला हाय, कायम राहायचं कार्ड मिळतं, ते घे, सोपं पडंल. कार्डावर राहता येतं, मत देता येत न्हाई. म्हणजे पाहुणीच की. अख्ख्या गल्लीचे शर्ट मी कडक करायचे आन मी पाहुणी?

नवरा-बायकोनं बसून अर्ज भरला. कचेरीत सायेब म्हणाले, बाई, ह्या मारुतीचं लग्न सुमनबरोबर झालंय, तुमचं लग्न कुठाय? प्रतिज्ञापत्र दाखवलं तर म्हणाले, इथं ते चालत न्हाई. आता बघा, माझ्याकडं कंपनीवाल्यांचे एका रंगाचे, एका मापाचे शर्ट ढिगानं येतात, कॉलरच्या आत दोऱ्याची खूण घालतो, आजवर एकाचा शर्ट दुसऱ्याला गेला न्हाई. आन ह्यांना एका बाईच्या दोन बाया दिसत हुत्या.

एचएसआर लेआउटात एक वकील गाठला. तो म्हणाला, सोपं हाय, जुनी नोंद विसरा, पासपोर्टच्या नावानं नवं लग्न नोंदवा. फक्त एक लिहून द्यायचं, की आजपर्यंत तुमचं लग्न झालेलं न्हाई. मारुती म्हणाला, करून टाकू, कागदच तर हाय. घरी आलो, हेच बोलणं चाललं हुतं, पूर्वा अभ्यास करत बसलेली, तिनं वही मिटली आन विचारलं, मग मी कागदावर कोण?

  मी म्हटलं, ह्या माणसाचा संसार मी केला, ह्याची आई आजारी पडली तवा तिला न्हाऊमाखू मी घातलं, आन आता सरकारला लिहून देऊ की हा माझा कोण न्हवं? न्हाई मिळालं नागरिकत्व तर न्हाई मिळालं. पण झालेलं लग्न झालं न्हाई म्हणून सही करणार न्हाई. दोन दिवस मी मारुतीशी बोललो न्हाई. तिसऱ्या दिवशी तोच म्हणाला, माझं चुकलं, आन गावाला फोन केला.

सासूबाई पंच्याहत्तरीच्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आन विचारलं, त्या रजिस्टरावर हिनं जिलबी काढलेली ती बघितली का कुणी? आम्हाला कळंना. तर त्यांना आठवत हुतं, नोंदीच्या दिवशी तिथला कारकून कुरकुरला हुता, ही सही म्हणायची का जिलबी. आमच्याजवळ नुसता दाखला, त्यावर छापलेली नावं. सह्या राहिल्या तालुक्याच्या रजिस्टरात. म्हातारी तीनदा तालुक्याला गेली, त्या पानाची शिक्क्याची नक्कल काढली, पिशवीत घालून एसटीनं बेंगळूरात उतरली.

तिघंजण कचेरीत गेलो. सायेब म्हणाले, ही अक्षरं मला येत न्हाईत. पलीकडं एक वयस्क क्लार्क अण्णा बसलेले, ते म्हणाले, स्वल्प इरी, थांबा जरा, दाखवा इकडं. बेंगळूरात तमिळ वाचणारी माणसं पैशाला पासरी. त्यांनी चष्मा वर केला आन मोठ्यानं वाचलं, तवमणी. वर छापलेलं सुमन, खाली माझ्या हातनं तवमणी, दोन्ही एकाच पानावर, लग्नाच्याच दिवशीचं. माझ्या डोळ्याला धारच लागली. ज्या दिवशी सगळ्यांनी माझं नाव बदललं, त्याच दिवशी मी ते लिहून ठेवलं हुतं आन माझं मलाच म्हाईत न्हवतं.

सायबांनी दोन्ही नावं एकाच बाईची असा तालुक्याचा शेरा आणायला लावला, तोबी आणला. पोलीस चौकशीला आले, गल्लीतल्या लोकांनी त्यांना चहा पाजून पाजून माझं कौतुक सांगितलं. आता फाईल दिल्लीला गेलीय. कधी येईल देव जाणे. सायेब म्हणाले, मंजूर झालं की पासपोर्ट परत करावा लागंल, शपथ घ्यावी लागंल, आन एकच नाव ठेवा, पुढं घोळ नको. मी म्हटलं, पासपोर्ट देतो सायेब, शपथबी घेतो, नाव देणार न्हाई. दोन्ही लिहा. न्हाई मावलं तर ओळ वाढवा.

सासूबाई परत जाताना बसस्टँडवर रडल्या. म्हणाल्या, तुझ्या आईनं ठेवलेलं नाव मी इचारलंबी न्हाई गं. आता रोज फोनवर सराव करतात, त-व-म-णी, निम्म्यात जीभ अडखळती, परत पहिल्यापासनं. काल मीच म्हटलं, आई, सरकारला दोन्ही नावं लिहावी लागतील, तुम्हाला माफी हाय. तुम्ही सुमनच म्हणा. आता ओ देतो की मी.